इंदुमावशींचं शिसं

कुठलाही धातू हातात आला की इंदुमावशी आधी त्याला नख लावून बघायच्या. चमचा असो, दाराची कडी असो, नाहीतर कुणाच्या गळ्यातलं लॉकेट असो. डाव्या अंगठ्याचं नख त्यांनी खास त्यासाठी थोडं वाढवलेलं होतं. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते ओहायोत, कोलंबसजवळच्या डब्लिनमध्ये, मराठी मंडळाच्या गणपतीत. एका शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. आरती चालू होती, सगळे टाळ्या वाजवत होते, आणि एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई, अंगात इरकली साडीवर जाड स्वेटर आणि पायात चिखलाचे बूट, ताटातल्या निरांजनाला नख लावून बघत होत्या. मी बघतेय हे लक्षात आल्यावर म्हणाल्या, “पितळ नाही गं हे. नुसता मुलामा आहे.” आणि लगेच सगळ्यांच्या वरच्या पट्टीत आरती म्हणायला लागल्या.

मी तेव्हा नुकतीच मास्टर्स करायला आले होते. गाडी नव्हती. परत सोडायला कोण जाणार यावर मंडळाच्या लोकांत चर्चा सुरू झाली, तेव्हा त्या म्हणाल्या, “चल की माझ्याबरोबर.” बाहेर आल्यावर बघते तर त्यांचा पिकअप ट्रक. मागे प्लॅस्टिकच्या बादल्या आणि बादल्यांमध्ये करड्या रंगाचे वाकडेतिकडे तुकडे.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“चाकांना वजनं लावतात ना बॅलन्ससाठी, ती. टायरवाल्याकडून आणते. शिसं असतं त्यात. हल्ली निम्मी जस्ताची निघतात मेली, निवडत बसावं लागतं.”

“कशाला लागतं शिसं?”

“गोळ्या करायला.”

मला वाटलं, काहीतरी आयुर्वेदिक असेल. काळजीने मी विचारलं, “कुणाला देता?”

“हरणांना.”

या बाई आजारी हरणांना औषध देतात असं माझ्या मनात पक्कं बसलं, आणि मी त्यांच्याबद्दल आदराने भरून गेले. पुढच्या सिग्नलला त्यांच्या लक्षात आलं असावं. त्या हसायला लागल्या, इतक्या की सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलेना. “बंदुकीच्या गं बाई! बंदुकीच्या गोळ्या.” मी नाशिकची. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. अपार्टमेंट येईपर्यंत मी दाराला चिकटून बसले. उतरताना त्यांनी माझ्या हातात प्रसादाच्या मोदकांचा डबा दिला आणि म्हणाल्या, “शाकाहारी आहे, घाबरू नकोस.”

इंदुमती मोहिते हे त्यांचं पूर्ण नाव. माहेर आजऱ्याकडचं. कोल्हापुरात शिकल्या, मग धातुशास्त्राचं पुढचं शिक्षण घ्यायला अमेरिकेत आल्या. त्या काळात मुली सहसा असल्या विषयांकडे फिरकतही नसत. गाड्यांच्या इंजिनांचे भाग ओतणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी सगळी नोकरी काढली. ओतलेल्या भागाला तडा का गेला हे शोधून काढणं हे त्यांचं काम. मोहितेकाका अकाउंटंट होते. मी आले त्याच्या आधीच ते गेले होते. काकांना बंदुकीची इतकी भीती होती, की मावशी गॅरेजमध्ये असल्या की ते घरातल्या सगळ्यात लांबच्या खोलीत जाऊन बसायचे, असं त्याच सांगायच्या. मुलगा नील नॉर्थ कॅरोलिनात मॉरिसव्हिलला. तो तिकडे सॉफ्टवेअरमध्ये. मराठी समजायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं.

मी त्यांच्याकडे जायला लागले ती खरं तर जेवणासाठी. रविवारी त्या माझ्यापुरतं वेगळं करायच्या, वेगळ्या भांड्यांत, वेगळ्या उलथन्याने. हा नियम मी नाही, त्यांनीच केला होता. जेवण झालं की त्या गॅरेजमध्ये जायच्या आणि मी दारात खुर्ची टाकून बसायची. आत यायला मला परवानगी नव्हती. गॅरेजचं मोठं दार उघडं, मोठा पंखा वारा बाहेर फेकतोय, मावशींच्या तोंडाला मास्क, हातात कोपरापर्यंत चामड्याचे मोजे. विजेच्या छोट्या भट्टीत शिसं वितळून आरशासारखं झालेलं. त्यात त्या मेणाचा तुकडा टाकून ढवळायच्या, वर आलेली राख चमच्याने काढायच्या आणि डावाने साच्यात ओतायच्या. साचा उघडला की दोन चकचकीत गोळ्या मऊ फडक्यावर पडायच्या. जवळ पाण्याचा पेलासुद्धा ठेवू द्यायच्या नाहीत. “वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला ना, तर भट्टी तोंडावर येते.” काम संपलं की कपडे थेट मशीनमध्ये आणि हात तीन-तीनदा धुणं. आणि मग लगेच, त्याच हातांनी, देवापुढे दिवा. हे सगळं एकाच बाईत कसं मावतं, हे मला कधी कळलं नाही. आई फोनवर विचारायची, “त्या मावशी काय करतात गं?” मी सांगायची, “धातूचं काम.”

शिकार का करता, हे मी त्यांना एकदा सरळ विचारलं. म्हणाल्या, “दुकानातली कोंबडी कुठे वाढली, कशी मेली, मला माहीत नसतं. हरणाचं असतं.” मला ते पटलं. महिन्याभराने मंडळातल्या एका काकूंना त्या सांगत होत्या, “हे गेल्यावर घर खायला उठायचं. पहाटे जंगलात जाऊन बसलं की बरं वाटायचं.” म्हणजे ते कारण होतं तर. पण मग काका असताना कशा जायच्या? आणि तिसऱ्यांदा, भाजी निवडता निवडता, मी काही न विचारता म्हणाल्या, “आमच्याकडे आजऱ्याला पुरुष शिकारीला जायचे. रानडुक्कर आणायचे. आणि आम्ही बायका परातीत मटण घेऊन छर्रे वेचत बसायचो. एकदा माझ्या आजीचा दात तुटला छर्ऱ्यावर. कुणी मारलं, कसं मारलं, कुणाला काही पत्ता नसायचा. नुसता बार काढायचे सगळे मिळून. जनावर दोन-दोन दिवस रानात ओरडत पडायचं, घरापर्यंत ऐकू यायचं. तिकडे आता शिकारीला बंदी आली, बरंच झालं.” यातलं खरं कारण कुठलं? मी विचारलं तर म्हणाल्या, “तुला एकच का पाहिजे?”

शिकार त्यांना शिकवली रॉनने. रॉन त्याच कारखान्यात भट्टीवर होता. दाढीवाला, बुटका, फार सावकाश बोलणारा. तो मावशींना ‘इंडी’ म्हणायचा. रॉनने त्यांना जंगल शिकवलं आणि मावशींनी रॉनला शिसं, असा त्यांचा व्यवहार. दोघांचं भांडण मात्र एकाच गोष्टीवरून व्हायचं: गोळी मऊ हवी की कडक. ओहायोत हरणासाठी कायद्याने सरळ, जाड काडतुसांच्या रायफली चालतात. त्यातून गोळी मोठी आणि संथ जाते, त्यामुळे घरी ओतलेलं शिसं त्यांना चांगलं जुळतं. रॉनचं म्हणणं, गोळी जितकी कडक तितकी चांगली. तो शिशात अँटिमनी, म्हणजे शिसं कडक करणारा धातू, भरपूर घालायचा, गरम गोळ्या पाण्यात टाकायचा, आणि टेबलावर आपटून टणत्कार ऐकवायचा.

“आवाज काय ऐकवतोस मला?” मावशी म्हणायच्या. मग माझ्याकडे वळून मराठीत: “याला सांगून सांगून थकले. नुसतं शिसं फार मऊ. नळीला चिकटत जातं आणि जोरात सोडलं तर कागदासारखं चुरगळतं. म्हणून थोडं कथील. अँटिमनी फार झालं की गोळी काचेसारखी होते, हाडावर फुटते. आणि टोकदार कडक गोळी असली तर सुईसारखी आरपार जाते. जनावराला कळतसुद्धा नाही की आपण मेलोय. ते पळतं.” त्यांची गोळी हरणासाठी मऊसर, पुढून चपटी, रुंद नाकाची. वेग बेताचा. मोठ्या जनावरासाठी, म्हणजे पश्चिमेकडे एल्कच्या, घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीला जायच्या तेव्हा, जरा कडक, पण नाक तसंच रुंद, म्हणजे जाड हाडातून खोल जाईल आणि तरी वाट मोठी करील. नळीत नीट बसली पाहिजे ही पहिली अट, बाकी सगळं नंतर. “मऊपणा हा दोष नाही गं. कुणासाठी मऊ, ते बघायचं.” मी मान डोलवायची. मला कळत काही नव्हतं, पण त्या बोलत असताना एखादी आजी पुरणाच्या घट्टपणाबद्दल बोलतेय असंच वाटायचं, आणि मग एकदम आठवायचं की विषय मारण्याचा आहे.

मी पदवी घेऊन तिथेच एका विमा कंपनीत नोकरीला लागले त्या हिवाळ्यातली गोष्ट. रॉनने सकाळी एका मोठ्या नराला गोळी मारली. त्याची ती कडक, निमुळती गोळी. हरीण एकदा दचकलं आणि निघून गेलं. रक्त जवळजवळ नाहीच. दुपारी मावशींचा मला फोन आला, “गम बूट आहेत का तुझ्याकडे? डोळे पाहिजेत मला, तरुण.” मी का गेले, सांगता येत नाही. मला नारिंगी जाकीट चढवून त्यांनी ओल्या पाचोळ्यात उतरवलं. आम्ही तिघं वाकून चालत होतो. पानावर टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका दिसला की मावशी तिथे कागदी रुमालाचा तुकडा ठेवायच्या आणि पुढे जायच्या. अंधार पडला तेव्हा थांबलो. दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा. शेवटी ते हरीण ओढ्याच्या काठी सापडलं. मेलेलं होतं, पण फार वेळ झाला नव्हता. म्हणजे रात्रभर जिवंत होतं.

मावशी त्याच्या शेजारी चिखलात बसल्या. गोळी शिरली होती ती जागा आणि बाहेर पडली होती ती जागा, दोन्ही त्यांनी बोटांनी चाचपल्या. दोन्ही सारख्याच, बारीक. मग त्या रॉनला इंग्रजीत इतकं लागट बोलल्या, की तो साठी उलटलेला माणूस टोपी काढून उभा राहिला. “रात्रभर, रॉन. रात्रभर.” परतताना ट्रकमध्ये त्या एकदम म्हणाल्या, “आय अ‍ॅम सॉरी.” रॉन म्हणाला, “नको म्हणूस. पुढच्या वेळी तुझीच देशील का?” त्यानंतर दोघांच्या गोळ्या मावशीच ओतायला लागल्या. हरणाच्या गोळ्यांची काडतुसं एका कॉफीच्या डब्यात, झाकणावर मराठीत ‘मऊ’. एल्कच्या दुसऱ्या डब्यात, झाकणावर ‘कडक’. दिसायला दोन्ही सारखीच. रॉनला मराठी वाचता येत नव्हतं, पण तो दोन अक्षरी आणि तीन अक्षरी असं ओळखायचा.

त्या प्रसंगानंतर मी मांस खायला लागले नाही, शिकारीला नावंही ठेवू शकले नाही. मध्येच कुठेतरी अडकून राहिले. मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, “राहा की. घाई काय आहे?”

मग हळूहळू त्यांचं बिनसायला लागलं. आधी फार किरकोळ. मला त्यांनी ‘शालू’ म्हणून हाक मारली. शालू त्यांची आजऱ्याची धाकटी बहीण. माझं नाव मृणाल. मग कथलाला अँटिमनी म्हणाल्या आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून चिडल्या. एका रविवारी माझ्यासाठी केलेल्या वरणात मटणाचा डाव घातला आणि मग रडल्या. मी त्यांना रडताना तोवर पाहिलं नव्हतं. एकदा गेले तर गॅरेजमध्ये भट्टी चालू, दार बंद, पंखा बंद, आणि मावशी घरात टीव्ही बघत बसलेल्या. मी बटण बंद केलं. त्या म्हणाल्या, “अगं, मी कुठे लावलीय?” त्याच दिवशी ओट्यावर काडतुसांच्या दोन्ही डब्यांची झाकणं काढून पडलेली दिसली. मी ती लावली की त्यांनी लावली, नंतर कितीही आठवलं तरी मला आठवेना.

मी नीलला फोन केला. तो सगळं ऐकून इंग्रजीत म्हणाला, की तो गेले काही महिने हेच स्वतःपासून लपवतोय. तो विमानाने आला. पहिलं वाक्य, “आई, द गन्स हॅव टु गो.” मावशी म्हणाल्या, “आधी पाणी पी.” शेवटी ठरलं ते असं: सगळ्या रायफली रॉनकडे कुलपात, भट्टी बंद, आणि डॉक्टर.

डॉक्टरांनी बऱ्याच तपासण्या केल्या. रक्तात शिसं निघालं, असायला हवं त्याहून जास्त. शिशाने माणसाची स्मरणशक्ती बिघडू शकते, पण त्यांचं एवढ्यानेच झालंय असं वाटत नाही, काही महिने शिशापासून लांब राहा, मग पुन्हा बघू, असं काहीसं ते म्हणाले. मावशींनी त्यातलं फक्त पहिलं ऐकलं. घरी येताना त्या इतक्या खूश होत्या, की मला वाटलं त्यांना कळलंच नाही. “शिसं आहे गं नुसतं! मी उगाच घाबरले. मला वाटलं, आईला झालं होतं तसं काही. शिसं काय, उतरतं.” त्यांनी गॅरेज स्वतः पुसून घेतलं, पालेभाज्या खायला लागल्या, आणि भेटेल त्याला सांगायच्या, “मला शिसं झालंय.” सर्दी झालीय तसं. मीही त्यावर विश्वास ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाच्या तरी रक्तात विष असावं म्हणून देवाला नमस्कार केला.

हिवाळ्यात बंदुकीने हरणं मारायला परवानगी असते तो आठवडा आला. मावशी म्हणाल्या, मी जाणार. नील फोनवर ओरडला. रॉनने मधला मार्ग काढला: त्याच्या भावाच्या शेतालगतचं जंगल, मावशी त्याच्या शेजारी बसतील, रायफल एकाच काडतुसाची, तेसुद्धा रॉन ऐन वेळी हातात देईल, आणि मी बरोबर असेन. नील म्हणाला, “मृणाल, तू हो म्हणतेस?” मी हो म्हटलं. बरोबर की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही.

आदल्या दिवशी रॉन मावशींच्या घरून डबा घेऊन गेला. दोन अक्षरी.

सकाळ थंड आणि स्वच्छ होती. आम्ही एका उतारावर ओकच्या झाडाला टेकून बसलो होतो. मावशी एकदम ठीक होत्या. इतक्या ठीक, की मला वाटलं शिसं उतरलं. त्यांनी मला वाऱ्याची दिशा दाखवली, खारीच्या पावलांचा आणि हरणाच्या पावलांचा आवाज कसा वेगळा असतो ते कुजबुजत सांगितलं. ऊन झाडांत शिरलं तेव्हा एक नर समोरच्या झुडपातून बाहेर आला. आमच्याकडे आडवा उभा राहिला, मान खाली घालून ओकची फळं खाऊ लागला. मी इतक्या जवळून हरीण कधी पाहिलं नव्हतं. रॉनने काडतूस मावशींच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते भरलं, रायफल खांद्याला लावली. त्यांचा हात जराही हलत नव्हता.

आणि मग त्या तशाच थांबल्या. डोळा नळीवरून न काढता, अगदी बारीक आवाजात मला विचारलं, “ही कुठली गं?”

“मऊ. डब्यावर मऊ होतं.”

“झाकण त्याच डब्याचं होतं का?”

मला ओट्यावरची ती दोन झाकणं दिसली. हो म्हणणं अगदी सोपं होतं. हरीण उभं होतं, रॉन श्वास रोखून बसला होता, आणि मावशींनी वर्षभर याच सकाळची वाट पाहिली होती. कडक असती तरी तिचंही नाक रुंदच होतं. एवढ्या जवळून काय फरक पडणार होता? मी म्हटलं, “माहीत नाही, मावशी.”

“मलाही नाही,” त्या म्हणाल्या.

रॉनला आमचं मराठी कळलं नाही, पण काय चाललंय ते कळलं. तो पुटपुटला, “इंडी, इतक्या जवळून कुठलीही चालेल.”

त्यांनी रायफल खाली घेतली. काडतूस काढलं, रॉनच्या हातावर ठेवलं. धातूचा आवाज झाला तसं हरणाने मान वर केली, आमच्याकडे बघितलं आणि दोन उड्यांत दिसेनासं झालं. मावशी इंग्रजीत म्हणाल्या, “चालेल, हे मी तुला कधी शिकवलं नव्हतं.” मग बराच वेळ त्या मोकळ्या जागेकडे बघत बसल्या. उठताना त्यांना आधार लागला. दोन्ही बाजूंनी आम्ही धरलं. ट्रकपाशी आल्यावर रॉनला म्हणाल्या, “रायफली सगळ्या तूच ठेव. मला आणून देऊ नकोस, मी मागितल्या तरी.” रॉन मान वळवून शेताकडे बघत राहिला.

वसंतात पुन्हा रक्त तपासलं. शिसं उतरलं होतं. छान उतरलं होतं, डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, आणि मावशींना तो आवाज बरोबर कळला. कारखान्यात तडा गेलेल्या तुकड्यांची कारणं एकेक खोडून काढत शेवटच्या कारणाशी येणं हेच त्यांनी आयुष्यभर केलं होतं. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, “म्हणजे शिसं नव्हतं.” त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. “असू दे गं. शिशावर उगाच आळ घेतला मी.”

पुढचं फार लवकर झालं. नील आला, घर विकायला काढलं. रॉनने भट्टी आणि साचे नेले. मावशींना न्यायच्या दिवशी तो सकाळपासून येऊन अंगणात उभा होता, आत येईना. गाडी निघताना मावशींनी काच खाली केली आणि त्याला मराठीत म्हणाल्या, “जेवून जा.” तो म्हणाला, “यू टू, इंडी.” काय कळलं त्याला, कोण जाणे.

गेल्या वर्षी मी मॉरिसव्हिलला गेले होते. नीलचं घर ओळीतल्या सारख्या घरांपैकी एक, मागे थोडं गवत आणि त्यापलीकडे पाइनची झाडं. मावशी मागच्या काचेच्या दारापाशी खुर्चीत बसलेल्या होत्या. अंगाने चांगल्या झाल्या होत्या, केस कुणीतरी नीट विंचरले होते. मला त्यांनी ओळखलं की नाही, सांगता येत नाही. “ये की, बस,” म्हणाल्या, पण ते त्या कुणालाही म्हणाल्या असत्या. मी रॉनचं विचारलं. तर म्हणाल्या, “कोण?” आजऱ्याचं विचारलं, तर तिथली आंब्याची झाडं मोजायला लागल्या. मी त्यांचा हात धरून बसले.

नील स्वयंपाकघरात चहा करत होता. तेवढ्यात झाडांतून एक हरीण आलं. मादी होती. तिकडे हरणं वस्तीत अशी येतातच, लोकांच्या बागा खातात. गवतावरून सावकाश चालत ती अगदी काचेपर्यंत आली आणि कुंडीतलं जास्वंद खाऊ लागली. मी मावशींकडे बघितलं. काय होईल मला कळत नव्हतं. त्या पुढे वाकल्या, कपाळ काचेला टेकलं, आणि लहान मुलीसारख्या डोळ्यांनी तिला वरपासून खालपर्यंत बघत राहिल्या.

“केवढं मोठं आहे गं,” त्या म्हणाल्या. “कुणी पाळलंय?”

मादीने आणखी एक फूल तोडलं.

“असं मोकळं सोडतात का कुणी? पुढे रस्ता आहे, गाड्या असतात.” त्या खरोखर काळजीत पडल्या होत्या. माझ्याकडे वळल्या. “विचार ना कुणाचं आहे ते.”

“विचारते,” मी म्हटलं, आणि दार उघडून बाहेर गेले.